जागेवर उभे पीक

कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा सकाळी सुरवशांचा निरोप आला. सुरवसे म्हणजे आमच्या रहिवासी मंडळाचे सचिव. 'मंगळवारी नगररचना विभागाकडून पाहणी आहे. सर्वांनी घरी थांबावे. पाहणीस येणाऱ्यांना चहापलीकडे काहीही खायला देऊ नये.' शेवटच्या वाक्यात नाव कुणाचंच नव्हतं. पण खाली जे अंगठे आणि हसरे चेहरे जमले, ते कुणाकडे बघून होते हे मला चष्मा न लावताही कळलं. कालपरवा राहायला आलेल्या सुनांनासुद्धा माझा तो किस्सा ठाऊक आहे. आमच्या कॉलनीचा इतिहास लिहायला घेतला कुणी, तर पहिल्या पानावर मीच असणार, हातात हुरड्याची ताटली घेऊन.

पुन्हा तोच मोसम. संक्रांत तोंडावर आहे. सकाळी अंगावर शाल, दुपारी डोक्यावर पदर, अशी सोलापूरची ही अर्धीमुर्धी थंडी. गड्ड्याच्या जत्रेतले पाळणे उभे राहिल्याची बातमी दूधवाला देऊन गेला. हुरडा आता पिशवीत भरून दुकानात मिळतो. एकदा आणला मी. फ्रीजमधला, ओलसर, हिरव्या मण्यांसारखा. गरम केला, चटणी घेतली, दही घेतलं, तरी त्याला धुराचा वास काही आला नाही. मग टीव्हीपुढे बसून औषधासारखा संपवला.

आणि महापालिकेने शहराचा नवा प्रारूप आराखडा लावलाय. हुरडा आणि आराखडा दोन्ही बरोबर आले की माझे गुडघे आपोआप दुखायला लागतात. त्या कचेरीचा जिना आठवतो त्यांना.

आमची कॉलनी जुळे सोलापूरच्याही पलीकडे. आम्ही आलो तेव्हा इथे रिक्षावाले यायला नाही म्हणायचे. कुणाच्या तरी शेताचे गुंठे पाडून विकलेले, ते आम्ही नोकरदार माणसांनी पोटाला चिमटा काढून घेतले. मी शाळेत, आमचे हे पोस्टात, सुरवसे एसटीत. घरं बांधली, वास्तुशांती केल्या, लाडू वाटले. नळ मागायला गेलो तेव्हा कळलं की महापालिकेच्या नकाशावर आम्ही हिरव्या पट्ट्यात आहोत. हिरवं म्हणजे शेती. शेतीच्या जागेवर घर म्हणजे अनधिकृत. त्याला नळ नाही, गटार नाही, बँकेचं कर्ज नाही, वर मजला चढवायला परवाना नाही. पिवळं म्हणजे राहण्याची जागा. आम्हाला पिवळं व्हायचं होतं. मागणी एवढीच.

मी भूगोल शिकवायचे. हिरवा म्हणजे मैदान, पिवळा म्हणजे पठार, हे मुलांच्या डोक्यात कोंबण्यात माझी निम्मी नोकरी गेली. त्यामुळे नकाशा हा माझाच प्रांत आहे असा माझा ठाम समज होता. त्या काळातली मी डोळ्यांपुढे आणते तेव्हा हसू आवरत नाही. चष्म्याला साखळी, बगलेत प्लॅस्टिकची फाइल, वाक्यागणिक 'मुद्दा क्रमांक अमुक'. नवऱ्याशी भाजीवरून बोलतानासुद्धा मुद्दे. महापालिकेत पहिल्यांदा गेले तेव्हा कारकुनाला म्हणाले, "दख्खनच्या पठारावर तुम्ही हिरवा रंग देताच कसा?" तो बिचारा डबा उघडत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बघू."

या 'बघू'चा पुढे मी सखोल अभ्यास केला. मान वर न करता म्हटलेलं 'बघू' म्हणजे यंदा नाही. मान वर करून, जरा हसून म्हटलेलं 'बघू या' म्हणजे फाइल सापडत नाही. आणि खुर्ची मागे सारून, "बघतो म्हटलं ना बाई," असं आलं की समजावं, फाइल सापडलीय आणि उत्तर नाही असंच आहे. पाऊस बघून आमच्या वडिलांना पेरणीचं कळायचं, तसं मला 'बघू' ऐकून कळायला लागलं.

सुनावणीला पिवळी साडी नेसून जायचं, ही कल्पनाही माझीच. कॉलनीतल्या सगळ्या बायकांना मी पिवळं नेसायला लावलं. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांना स्वतःच्या दिल्या. म्हटलं, साहेबांच्या डोळ्यांत रंग भरला पाहिजे. आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर ओळीने बसलो, तर शिपाई येऊन विचारतो, "हळद कुणाची हाय?" आमचे हे मागे उभे होते. ते तिथून जे निघाले ते खाली चहाच्या गाडीवरच सापडले. खांदे अजून हलत होते त्यांचे.

ह्यांना या सगळ्यात फक्त एका गोष्टीची आस होती. आमच्या गच्चीवर चारी कोपऱ्यांना खांबांच्या सळया वर सोडलेल्या आहेत. कुठल्याही कॉलनीत बघा, असं असतंच. वरचा मजला पुढे चढवायचा म्हणून सळया उघड्या ठेवतात, गंजू नयेत म्हणून त्यांवर बाटल्या उलट्या घालतात. आमच्याकडे त्या सळयांना नाव होतं, मिलिंदचा मजला. मिलिंद आमचा एकुलता एक. तेव्हा शिकत होता. तो नोकरीला लागेल, लग्न करील, वर राहील, खाली आम्ही. जिना बाहेरून द्यायचा, म्हणजे सुनेला सासूचं तोंड रोज बघायला नको, इतका विचार करून ठेवला होता ह्यांनी. संध्याकाळी गच्चीवर जाऊन ते सळयांच्या मधोमध उभे राहायचे. "इथे त्याचं स्वयंपाकघर," म्हणायचे. हवेतच दार उघडून दाखवायचे.

बांधाच्या पलीकडे शांतव्वाचं रान होतं. तिचं माहेर दुधनीचं, अर्धी मराठी, अर्धी कानडी. अंगापिंडाने दांडगी, आवाज त्याहून दांडगा. आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून तिची ज्वारी दिसायची. पोटरीतली, मग फुलोऱ्यातली, मग दाणे भरलेली. पिवळ्या पट्ट्याची ओढ आमच्याइतकीच तिलाही. उलट काकणभर जास्तच. "तुमचं पिवळं झालं की माजं बी व्हतंय की," ती म्हणायची. "एकाच बांधाला हाय आपण. मग बगा, गुंट्याला काय भाव येतोय." माझ्या अर्जातला मुद्दा क्रमांक एक होता, 'या भागात आता शेती होत नाही.' तो मी तिला वाचून दाखवला तेव्हा ती डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन उभी होती. म्हणाली, "ब्येस लिवलंय बाई."

अखेर एका हिवाळ्यात पाहणी लागली. याच दिवसांत. साहेब जीपने येणार असा निरोप आला आणि कॉलनीत लग्नघरासारखी धांदल उडाली. अंगणं झाडली, गाड्या पुसल्या. तुळशीवृंदावनं रंगवली, तीही पिवळी. सकाळीच शांतव्वा बांधावरून ओरडली,

"अक्का, साहेब कोरड्या तोंडानं जातील, बरं दिसंल का? कणसं दाणं भरून उभी हायती. आगटी पेटवू?"

"पेटव!" मी ओरडले. "चटणी माझी!"

हे म्हणाले, "चहा पुरे नाही का?"

"तुम्ही पोस्टातली माणसं," मी म्हटलं, "तिकिटापलीकडे तुम्हाला कुणाला काही देता येत नाही."

आता बाहेरच्या माणसाला यात चूक काय ते चटकन दिसेल. आम्हाला कुणालाच दिसली नाही. हुरड्याच्या दिवसांत दारात माणूस आला आणि हुरडा न खाता गेला, हे सोलापुरात कुणाच्या कल्पनेतच बसत नाही. सोयरीक मोडायला आलेल्या माणसालाही आधी हुरडा देतात, मग भांडतात.

मोकळ्या प्लॉटवर खड्डा केला, गोवऱ्या रचल्या. विस्तव झाला तशी शांतव्वाने कणसं राखेत खुपसली. तो धूर! डोळ्यांत पाणी आणि तोंडातही. भाजलेलं कणीस ती तळहातांमध्ये धरून चोळायची, फुंकर मारायची, आणि पोत्यावर हिरव्या दाण्यांचा ढीग व्हायचा. मी हौसेने एक कणीस हातात घेतलं आणि चटका बसून साहेबांच्या बुटावरच टाकलं. शिक्षिकेचे हात, खडूपलीकडे काही धरलेलं नाही. शेंगाचटणी, दही, गुळाचा खडा, सगळं मांडलं. साहेब सकाळपासून उन्हात हिंडलेले. पहिला घास घेतला आणि त्यांनी डोळेच मिटले.

"तिन्री साहेब, तिन्री," शांतव्वा दोन्ही हातांनी वाढत होती. "खावा, लाजू नगा. लई कोवळं हाय."

साहेबांनी तिसऱ्यांदा ताटली पुढे केली. "वा! कुठून मागवलात, बाई?"

"मागवायचं कशाला?" मी हात लांब करून दाखवलं. "हा बांध ओलांडला की ज्वारीच ज्वारी. आमच्या दारातलंच आहे सगळं!"

'दारातलंच' या शब्दावर मी जोरही दिला. शाळेत 'सह्याद्री' म्हणताना द्यायचे तसा.

साहेबांनी रुमालाला हात पुसले, बांधापर्यंत गेले, ज्वारीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले. मग कागदावर काही लिहिलं. जाताना वाकून नमस्कार केला मला. मी ह्यांच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. ती माझी मुद्रा कुणी फोटोत धरून ठेवली नाही, हे देवाचे उपकार.

पाऊस येऊन गेल्यावर उत्तर आलं. 'जागेवर उभे पीक आढळले. रहिवाशांनी सदर पिकाचा हुरडा दिला. क्षेत्र शेतीखाली असल्याने मागणी मान्य करता येत नाही.' ह्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "अगं, तू त्यांना पुरावा खायला घातलास."

शांतव्वाने मात्र हार मानली नाही. "माज्या हुरड्याला नाव ठिवू नगा," ती कितीतरी दिवस म्हणत होती. "तुमच्या चटणीनं घात केला. तिकट लागली असंल साहेबाला."

त्यानंतरची वर्षं एकमेकांसारखी आहेत. टँकर, अर्ज, बाक, 'बघू'. साहेब बदलले, बाक तोच. मिलिंद नोकरीला लागला, पुण्याला. "मजला होईपर्यंत जातो," म्हणाला, आणि खरंच तसंच वाटत होतं त्याला. सुट्टीत आला की गच्चीवर जाऊन सळया हलवून बघायचा, दात हलतो का बघतात तसा. बँकेत आम्ही कर्जाला गेलो, त्यांनी झोन विचारला आणि पाणी पाजून परत पाठवलं. पुढे त्याने तिकडेच फ्लॅट घेतला. ते सांगताना फोनवर त्याचा आवाज चोरासारखा झाला होता. ह्यांनी नुसतं विचारलं, "जिना बाहेरून आहे का रे?"

हे गेले ते अनधिकृत घरातूनच गेले. मृत्यूचा दाखला महापालिकेने लगेच दिला. त्यावर पत्ताही आमचा व्यवस्थित लिहिला होता, कॉलनीच्या नावासकट. मरायला तेवढं आम्ही इथे राहत होतो.

थकवा गुडघ्यांचा असता तर मलम लावलं असतं. आपण राहतो तिथे राहतो, हे पुन्हापुन्हा सांगत राहण्याचा हा थकवा आहे. सांगून सांगून मला स्वतःलाच शंका यायला लागते. पहाटे जाग येते, पाण्याचा दिवस आहे का ते आठवते, आणि पडल्यापडल्या वाटतं, नकाशाचं खरं असेल तर या पलंगाच्या जागी ज्वारीच असायला हवी होती.

ज्वारी तर गेली. शांतव्वाने रान विकलं, हिरव्याच भावाने. थांबून थांबून तीही थकली. तिथेही गुंठे पडले, घरं झाली. आता नकाशाखेरीज कुठेच हिरवं नाही. दुधनीला भावाकडे निघाली तेव्हा पदराची गाठ सोडून तिने माझ्या ओंजळीत बी घातलं. मालदांडी ज्वारीचं. "पेरा कुटंतरी," म्हणाली. "कुटं" म्हणताना तिने भोवती पाहिलं आणि आम्ही दोघीही हसलो. नंतर मी आत जाऊन तोंड धुतलं.

तेव्हापासून गच्चीवर, सळयांच्या मधोमध, एका फुटक्या टबात मी ज्वारी पेरते. ह्यांनी मिलिंदचं स्वयंपाकघर दाखवलं होतं त्या जागी. कणसं चारदोनच येतात, पण त्यांच्यावर साऱ्या जुळे सोलापुरातल्या चिमण्यांचा डोळा. म्हणून मी कणसांना ह्यांचे जुने पायमोजे घालते. लोकरीचे, करड्या रंगाचे. वाऱ्यावर ती डुलायला लागली की कुणीतरी खाली डोकं वर पाय करून चाललंय असं वाटतं.

सोमवारी सुरवसे आले. गच्चीवर जाऊन दम खात उभे राहिले. "बाई, हात जोडतो. तो टब तेवढा आत घ्या. परत 'उभे पीक' लिहिलं तर या जन्मात काही आपण पिवळे होत नाही."

"पायमोजे वाळत घातलेत म्हणून सांगेन की."

"ज्वारीवर?"

"सोलापूर आहे. कुठेही वाळतात."

ते हसले नाहीत. त्यांचंही वय झालंय. त्यांच्याही गच्चीवर सळया आहेत. मला वाईट वाटलं, पण टब काही हलवला नाही. खरं तर माझ्याने हलतच नाही तो आता.

मंगळवारी आली ती एक मुलगी. हातात कागदाऐवजी काचेची पाटी. कॉलनीतल्या घरांचे फोटो काढले, गल्ली मोजली, आणि सगळ्यांच्या गच्च्या बघत बघत माझ्याही गच्चीवर आली. मागे सुरवसे, चेहरा बारावीच्या निकालाच्या दिवशीचा. तिने सळया पाहिल्या.

"आज्जी, वर बांधायचं आहे का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी सरळ विचारला नव्हता. मुद्दे सगळे पाठ होते, हा नव्हता. मिलिंदच्या डोक्यावर आता केस किती उरलेत, त्याची लेक तिकडच्या शाळेत कशी रमलीय, सगळं डोळ्यांपुढून गेलं. माझ्या तोंडून आलं, "हो. मुलगा राहील."

तिने लिहिलं. मग टबाकडे वळली. सुरवशांनी घसा खाकरला.

"पायमोजे वाळतायत," मी म्हटलं.

ती वाकली, पान बोटांत धरून पाहिलं. "मालदांडी ना, आज्जी? मी जेऊरची आहे. आमच्याकडे हीच असते."

सुरवशांनी डोळे मिटले.

"तुझं लिहून झालं का, बाळ?" मी विचारलं.

"झालं."

"पाठवून झालं?"

तिने पाटीवर बोट टेकवलं. "हे बघा, गेलं. या भागात शेती नाही, सगळी घरंच आहेत असं लिहिलंय. पण ठरवणारे वरचे हं, आज्जी. मी नुसती लिहिते."

"मग चल खाली. आता कुणाच्या बापाचं भय नाही."

एक कणीस ठेवून बाकीची मी खुडली. गोवऱ्या नव्हत्या, पापडाच्या जाळीवर गॅसवरच भाजली. चोळायला फडकं घेणार, तर त्या मुलीने कणीस माझ्या हातातून घेतलं आणि सरळ तळहातांत चोळलं, फुंकर मारली. सुरवशांनाही मूठभर दिला. त्यांनी आधी नको नको केलं, मग दाणे एकेक करून खाल्ले, अगदी शेवटचासुद्धा. चुलीचा नसला तरी थोडा धूर झाला होता स्वयंपाकघरात. सगळ्यांचे डोळे चुरचुरत होते, त्यामुळे बरं पडलं.

संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. "झाली पाहणी? काय खायला घातलंस आई, खरं सांग."

"हुरडा. पण लिहून पाठवल्यावर."

तो हसला. असा तो लहानपणी हसायचा, श्वास लागेपर्यंत. हसणं थांबल्यावर म्हणाला, "माझ्यासाठी ठेवलायस का?"

"एक कणीस आहे झाडावर. ये की. कोवळं आहे तोवर."

पलीकडे कुणीतरी त्याला जेवायला हाक मारत होतं.

"बघू, आई," तो म्हणाला.

मी कानावरचा फोन जरा घट्ट धरला. मान वर करून म्हटलं की न करता, ते फोनवर कळत नाही.

मग गच्चीवर गेले. उजेड अजून होता. उरलेल्या कणसावरचा पायमोजा वाऱ्याने निसटत आला होता, तो नीट वर ओढला. दाणा दाबून पाहिला. दूध आटत आलंय. हुरडा चार दिवसांचा. तो आला नाही तर हे कणीस असंच उभं ठेवीन. वाळेल, ज्वारी होईल. टबापुरतं बी सुटेल.

सुरवशांना सांगणार नाहीये.